डॅटसन झेड घेऊ की जुनी लँड क्रूझर?

एका वाचकाचं न्यू जर्सीहून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी ४९ वर्षांचा आहे. १९९९ मध्ये शिकायला अमेरिकेत आलो आणि इथलाच झालो. दोन मुलं, थोरली यंदा कॉलेजला गेली. आयुष्यात एक जुनी गाडी घ्यायचीच असं ठरवलंय. बजेट ४०,००० डॉलर, आणि गॅरेजात जागा एकाच गाडीची. दोन बघून ठेवल्यात. एक १९७२ ची डॅटसन २४०झेड, नारिंगी, नवा रंग दिलेली. दुसरी १९७८ ची टोयोटा लँड क्रूझर एफजे४०, 'पूर्ण रिस्टोअर केलेली', खालून नवं काळं कोटिंग. झेड मी पहिल्यांदा बघितली ती आमच्या प्राध्यापकांची, आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही. पण बायको म्हणते, निदान चौघं बसतील अशी घ्या. मित्र म्हणतात, एफजेची किंमत वाढतच जाणार, शिवाय बर्फात चालेल. आणखी एक गोष्ट. माझे वडील कोयनानगरला पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. लहानपणी कुंभार्ली घाट मी कितीदा तरी त्यांच्या शेजारी बसून उतरलोय. पोफळी येईपर्यंत ते एक शब्द बोलायचे नाहीत. आता ७७ वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी बेजार. दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबर आमच्याकडे असतात. कुठली घेऊ?"

नमस्कार.

तुम्हाला उत्तर पाठवायला मला दोन आठवडे लागले, कारण पहिलं लिहिलेलं उत्तर मी फाडून टाकलं. त्यात "डोळे मिटून झेड घ्या" असं होतं. मी स्वतः १९ वर्षं २४०झेड बाळगली आहे, मिशिगनच्या थंडीत तिच्यावर गोधडी घालावी तसं कव्हर घालून जपली आहे. झेडचं नाव निघालं की माझा तोल जातो. मग तुमचं पत्र पुन्हा काढून सावकाश वाचलं आणि माझं मत फिरलं. कसं फिरलं ते सांगते, पण आधी झेडबद्दल बोलू द्या.

डॅटसन हा निसान कंपनीचाच ब्रँड. ऑक्टोबर १९६९ मध्ये निसानने ही गाडी जपानात 'फेअरलेडी झेड' नावाने आणली. अमेरिकेत निसानचं काम बघणारे युताका काटायामा यांना ते नाव अजिबात पसंत नव्हतं. इथल्या माणसाला स्पोर्ट्स कार विकायची आणि तिचं नाव फेअरलेडी? त्यांनी इथे आलेल्या गाड्यांवरची ती अक्षरं काढून नुसतं '२४०झेड' लावलं. सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. त्या पैशात २,३९३ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, त्या काळच्या मोजणीने १५१ हॉर्सपॉवर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वजन जेमतेम हजार-अकराशे किलो. असल्या गोष्टींसाठी युरोपातल्या गाड्यांना त्या वेळी कितीतरी जास्त पैसे मोजावे लागत, आणि त्या गाड्या थंडीच्या सकाळी सुरू होतील याची खात्री नसायची. झेड सुरू व्हायची. जपानी गाडी म्हणजे स्वस्त आणि किरकोळ, हा इथला समज मोडण्यात या गाडीचा वाटा फार मोठा आहे.

ती नाजूक असेल असं वाटत असेल तर हेही ऐका. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे चिखल, खड्डे, दगड आणि हजारो किलोमीटर. ती रॅली २४०झेडने १९७१ मध्ये जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा जिंकली. दुसऱ्या वेळी स्टिअरिंगवर होता शेखर मेहता, कंपालात जन्मलेला, भारतीय वंशाचा. पुढे त्याने ही रॅली आणखी चार वेळा जिंकली. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, याची मला कायम हळहळ वाटते.

आणि चालवताना! बसायला इतकी खाली की पाय पुढे पसरावे लागतात, समोर लांबच लांब बॉनेट. दोन कार्बोरेटर नीट एकमेकांशी जुळवलेले असले की ३,००० आरपीएमच्या वर इंजिनाचा आवाज बदलतो. आधी गुणगुणणं असतं, मग सूर लागतो. वळणावर गाडी अंगावर घातलेल्या सदऱ्यासारखी वाटते. तुमच्या प्राध्यापकांना वर्गात यायला कधी उशीर झाला असेल तर कारण मला कळू शकतं.

आता हिची दुखरी बाजू. झेड इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. तिला वेगळी चॅसिस नाही, सगळं बळ पत्र्याच्या सांगाड्यात. बॅटरीखालचा कोपरा, पायाखालची जमीन, जमिनीखालून जाणारे लांब बीम, मागच्या चाकाच्या पुढचा खालचा भाग, मागच्या दाराचा उंबरठा आणि काचेच्या खालची, पावसाचं पाणी साठणारी जागा. या सगळ्या ठिकाणी ती आतून गंजते आणि बाहेरून छान दिसत राहते. माझी पहिली झेड मी अशीच घेतली. घरी आणून गालिचा उचलला, तर पायाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला होता. त्याच्या कडेने मला आमच्या ड्राइव्हवेचं काँक्रीट दिसत होतं. त्या गाडीच्या पत्राकामावर जो खर्च झाला, तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता.

हा खर्च किती खोल जातो याचा एक मोठा दाखला आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी खुद्द निसानने जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, २४,९५० डॉलरला डीलरमार्फत विकायला काढल्या. बेत २०० गाड्यांचा होता, पूर्ण झाल्या ४० च्या आसपास. जिने ही गाडी बनवली त्या कंपनीलाच ते काम परवडलं नाही. म्हणून तुमच्या नारिंगी गाडीचा नवा रंग बघून मला आनंद झाला नाही, पोटात गोळा आला. रंगाखाली काय आहे, ते विकणारा सांगत नाही तोवर तिची किंमत ठरत नाही.

आता तुमच्या मित्रांचं आणि घरच्यांचं म्हणणं घेऊ. त्यातलं बरंचसं टिकणारं नाही.

चौघं बसतील हे अर्धसत्य आहे. एफजे४० च्या मागच्या जागा बहुतेक गाड्यांत आडव्या असतात, आपल्याकडच्या जीपसारख्या, समोरासमोर तोंड करून बसायच्या. टर्नपाइकवर, म्हणजे तिथल्या टोलच्या हायवेवर, मुलांना तिथे बसवू नका. आडव्या बाकावर धडकेत माणसाला धरून ठेवणारं काही नसतं, आणि १९७८ च्या गाडीत एअरबॅगचा प्रश्नच नाही. तुमच्या पत्नीचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण ते खरं करायला एफजे उपयोगी नाही. दोन्ही गाड्या तुमच्यासाठी दोघांच्याच गाड्या आहेत असं धरून चला.

बर्फाचा मुद्दा तर सोडूनच द्या. ती बर्फात मजेत चालेल, पण न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं आणि त्या मिठात तुम्ही ५० वर्षांच्या आसपासचा पत्रा घालणार नाही. घातलात तर मी पुन्हा तुमच्या पत्राला उत्तर देणार नाही! म्हणजे फोर-बाय-फोर असूनही ती डिसेंबर ते मार्च गॅरेजातच राहणार, झेड राहिली असती तशीच.

किमतीचं म्हणाल तर दोन्ही गाड्यांनी लोकांना वेड लावलेलं आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत एफजे४० लिलावात १,००,००० डॉलरच्या पुढे गेल्या. जानेवारी २०२० मध्ये १९७१ ची एक २४०झेड ऑनलाइन लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. पण ती गाडी फक्त २१,००० मैल चाललेली, जवळजवळ अस्पर्श होती. अशा बातम्या वाचून लोक आपल्या दारातल्या गाडीवर तोच आकडा चिकटवतात. तुमच्या बजेटात येते ती वापरलेली, दुरुस्त केलेली, कुणीतरी कुठेतरी तडजोड केलेली गाडी. तिच्यावर विमा, टायर, ब्रेक, ऑइलच्या गळती, रबराची सील हे सगळं दरवर्षी चालूच राहतं. विकताना घातलेले पैसे परत आले तर नशीब समजा. नफ्यासाठी घ्यायचीच असेल तर ते पैसे मुलीच्या कॉलेजला लावा, मला काही वाईट वाटणार नाही.

आणि एफजेचा स्वभाव मित्रांनी सांगितलेला दिसत नाही. ट्रकसारख्या स्प्रिंगच्या पाट्यांवरची गाडी आहे ती, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे. १९७८ च्या गाडीत ४.२ लिटरचं '२एफ' इंजिन असतं, तेही सरळ सहा सिलिंडरचं. आकाराने झेडच्या जवळजवळ पावणेदोनपट, पण ताकदीला तिच्यापेक्षा थोडं कमीच. ते पळण्यासाठी बनवलेलंच नाही. ते ट्रकच्या जातीचं आहे, खालच्या आरपीएमला ओढतं आणि ओढतच राहतं. ताशी ५५ मैलांपर्यंत ती खूश असते. त्याच्या वर वारा, गिअरबॉक्सची घरघर आणि स्टिअरिंगचा सैलपणा असं सगळं एकदम बोलायला लागतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना दंडाला कळतं. तासाभराचा हायवे करून उतरलात की कानात आवाज राहतो. झेडमधून मी चार-चार तास जाऊन हसत उतरले आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, बाई झेडच म्हणणार. मलाही तसंच वाटलं होतं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. झेड तुमच्या डोक्यातून जात नाही असं तुम्ही म्हणता, पण तिच्यात बसल्याचा उल्लेख कुठेच नाही. तुम्ही ती बाहेरून बघितली आहे. जीपमध्ये मात्र तुम्ही बसला आहात, आणि पोफळी येईपर्यंत वडील बोलायचे नाहीत हे तुम्हाला आजही आठवतं. लोकांनी दिलेल्या कारणांच्या ढिगाखाली तुम्ही स्वतःचं एकच कारण शेवटी, "आणखी एक गोष्ट" म्हणून टाकलंय. बाकीची सगळी कारणं मी वर खोडली. हे मला खोडता आलं नाही.

माझे अण्णा दोनदा अमेरिकेत आले. दोन्ही वेळी मी झेड धुऊन-पुसून दारात उभी केली. त्यांना तिच्यात बसता आलं नाही. सीट जमिनीपासून वीतभर उंच, दार लांब, आणि गुडघे वाकत नाहीत. पहिल्यांदा त्यांनी प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केलाही नाही. खिशातला रुमाल काढून त्यांनी पुढची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली आणि म्हणाले, "छान ठेवली आहेस." ते गेल्यानंतरही सात वर्षं मी ती गाडी चालवली. शेजारची सीट बघितली की तो रुमाल आठवायचा.

तुमच्या वडिलांना जीपची सवय आहे. एफजेत चढायला पाय उंच उचलावा लागतो, पण आत धरायला मजबूत दांडा आहे, सीट सरळ आहे, आणि एकदा बसलं की गुडघे काटकोनात राहतात. एक पायरी लावून घ्या, भक्कम, वेल्ड केलेली. उतरताना हात द्या. झेडच्या सीटवरून ७७ वर्षांच्या माणसाला उठवणं मात्र दोन माणसांचं काम आहे.

शिवाय ही गाडी त्यांना अनोळखी नाही. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रने विलीस जीप जुळवायला सुरुवात केली, आणि सरकारी खात्यांतल्या जीप त्याच घराण्यातल्या. टोयोटाने १९५१ मध्ये केलेली या जातीची पहिली गाडीही त्याच साच्यातली होती, नाव 'टोयोटा जीप बीजे'. त्याच वर्षी त्यांच्या चालकाने ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. 'जीप' हे नाव दुसऱ्याचं असल्याने १९५४ मध्ये ते बदलून 'लँड क्रूझर' झालं. १९६० मध्ये ४० मालिका आली. म्हणजे वडील कोयनेला चालवायचे ती आणि ही, चुलत भावंडंच म्हणा ना. फोर-बाय-फोरची छोटी दांडी बघून त्यांचा हात आपोआप तिकडे जाईल. (सैन्यातला जोंगाही त्यांना आठवत असेल. तो जबलपूरला बनायचा, पण मुळात निसानची 'पॅट्रोल' नावाची गाडी. झेडवाल्या निसाननेच केलेली. हे त्यांना सांगून बघा, त्यावर एखादा तास बोलतील.)

तेव्हा एफजे४० घ्या. फक्त तुम्ही बघून ठेवलेली घेऊ नका.

"पूर्ण रिस्टोअर" आणि "खालून नवं काळं कोटिंग" हे दोन शब्दप्रयोग एकत्र आले की मी जाहिरात मिटते. खालून कोटिंग मारतात ते दोन कारणांनी, गंज येऊ नये म्हणून किंवा आलेला दिसू नये म्हणून, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुमच्या पैशात चकचकीत एफजे शोधू नका. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियाचा आतला भाग अशा कोरड्या प्रदेशात आयुष्य काढलेली, मूळ रंग उडालेली, उन्हाने सीट फाटलेली गाडी शोधा. सीट शिवून मिळते. चॅसिस शिवून मिळत नाही.

बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, त्यावर पातळ फडकं गुंडाळलेलं. मागच्या चाकांच्या वरचे कोपरे, मागच्या दाराखालचा आडवा उंबरठा, दारांची खालची कड आणि छताभोवतीची पन्हळ इथे तो फिरवा. चुंबक सुटायला लागला तर खाली पुट्टी भरलेली आहे. छताचा वरचा पांढरा भाग फायबरग्लासचा असतो, तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून दचकू नका. मग गाडीखाली शिरा. मागचे पाटे चॅसिसला जिथे लटकतात तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज टणक हवा. चॅसिसवर उजव्या बाजूला पुढे नंबर ठोकलेला असतो, तो कागदपत्रांशी ताडून बघा. जुळला नाही तर नमस्कार करून निघा, किंमत किती का कमी असेना. पुढच्या चाकांच्या मागे गोल 'नकल', म्हणजे चाक वळवणारे सांधे असतात, तिथे थोडं ग्रीस-ऑइल झिरपलेलं दिसेल. ते सगळ्याच जुन्या एफजेत दिसतं, त्याने सौदा मोडू नका, फक्त सील बदलण्याचे पैसे किमतीतून मागा. इंजिनाला घाबरू नका. हे इंजिन अनेक दशकं तोंडाला फेस न आणता चालतं, आणि सुट्या भागांची आता तितकी चणचण नाही. टोयोटाने स्वतःच ४० मालिकेचे काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत.

गाडी लांबची असेल तर स्वतः न बघता पैसे पाठवू नका. विमानाचं तिकीट काढा. तेही जमत नसेल तर तिथल्या एखाद्या लँड क्रूझर क्लबातल्या माणसाला विनंती करा. ही मंडळी अनोळखी माणसासाठी शनिवार खर्च करतात, आणि चॅसिसखाली आडवं पडून काढलेले फोटो पाठवतात.

विमा नेहमीचा घेऊ नका. जुन्या गाड्यांसाठी आधीच रक्कम ठरवून दिलेला विमा मिळतो. तो स्वस्त पडतो, पण गाडी बंद गॅरेजात हवी आणि रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असायला हवी अशा अटी असतात. न्यू जर्सीत २५ वर्षांहून जुन्या गाडीला 'हिस्टॉरिक' नंबरप्लेट मिळते, पण तीही ऑफिसला जायला-यायला नाही. वडील "जरा दे बघू चालवायला" असं म्हणणारच. त्याआधी त्यांच्या परवान्याचं आणि विम्याचं विचारून ठेवा. ऐन वेळी त्यांना नाही म्हणायची पाळी येऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी करा. पैसे देण्याआधी एक दिवस कुठून तरी २४०झेड चालवून या. भाड्याने मिळाली तर भाड्याने, क्लबातल्या कुणी दिली तर तशी. चालवून झाल्यावर, आताच हवी, दुसरं काही नको, असं वाटलं तर मला कळवा. त्या पत्राला मी वेगळं उत्तर देईन आणि ते देताना मला आनंदच होईल. पण मला वाटतं, तुम्ही तिच्यातून उतराल, तिच्याकडे वळून बघाल, आणि तुमच्या लक्षात येईल की झेड आणखी दहा वर्षांनीही घेता येईल.

वडील एप्रिलमध्ये येतात, म्हणजे मार्च सरेपर्यंत गाडी दारात हवी. शोध आत्ता थंडीतच सुरू करा. या दिवसांत गिऱ्हाईक कमी असतं आणि विकणारा फोनवर नीट बोलतो. पायरी मात्र आधी लावून घ्या. ते आल्यावर लावली तर "माझ्यासाठी कशाला" म्हणून लावू द्यायचे नाहीत.